पाटकऱ्याचा प्लग

आमच्या घरमालकांनी मला खोली दाखवायच्या आधी छप्पर दाखवलं. इस्लामपुरात मी नोकरीला नवीन, हातात दोन बॅगा, आणि हे गृहस्थ मला लोखंडी शिडीवरून थेट गच्चीवर घेऊन गेले. तिथं सौर पॅनेलच्या दोन रांगा होत्या. त्यांनी एका पॅनेलवर बोट ओढलं, बोटाला लागलेली धूळ मला दाखवली आणि म्हणाले, "म्याडम, दर आयतवारी चारी साफ करायची. जमत आसंल तर खोली बघू." मी वाईची. वाईत भाडेकरूला पाहुणे किती येतात आणि भिंतीला खिळे ठोकणार का, एवढंच विचारतात. चारी कसली हे मला कळलं नाही, पण बॅगा जड होत्या, म्हणून हो म्हटलं.

चारी म्हणजे कालव्यातून शेतांकडे जाणारा लहान पाट. घरमालक तीस वर्षं पाटकरी होते. पाटाची दारं उघडायची, कुणाच्या रानाला किती तास पाणी ते बघायचं आणि वेळ संपली की दार पाडायचं, हे त्यांचं काम. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती, पण ती बातमी त्यांच्यापर्यंत पोचली नव्हती. अंगात खाकी शर्ट, गळ्यात शिट्टी, हातात वेताची काठी. सगळी गल्ली त्यांना तात्या म्हणायची. पाट हातातून गेल्यावर त्यांनी विजेचा पाट काढला होता. घराच्या भिंतीला, रस्त्याच्या बाजूनं, पत्र्याच्या पेटीत एक जाड प्लग बसवलेला. गल्लीत ज्यांच्याकडं बॅटरीवरची गाडी आहे आणि ती चार्ज करायला जागा नाही, त्यांनी तिथं यायचं. पैसे नाहीत. "पैसं घेतलं की मी दुकानदार झालो," ते म्हणायचे, "आन् दुकानदार गिऱ्हाईक बघून दार उघडतो." पैशांऐवजी सगळ्यांनी मिळून रविवारी पॅनेल धुवायची, जसं पाणी सुटायच्या आधी शेतकरी मिळून चारी साफ करतात तसं.

मी एका माती तपासणाऱ्या प्रयोगशाळेत होते. दिवसभर बॅटरीवरच्या स्कूटरवरून शिवारं हिंडायची, पिशव्यांत माती भरायची आणि शेतकऱ्यांना सांगायचं की तुमच्या मातीत काय कमी आहे. हे ऐकायला कुणालाच आवडत नाही, पण ते असो. माझी खोली त्या प्लगच्या बरोबर वर होती. मला वाटलं, आपण नशीब काढलं.

पेटीशेजारी फळा होता आणि फळ्यावर बाऱ्या लिहिलेल्या होत्या. गल्लीत गाड्या पाच. पहिलं नाव गल्लीच्या पार दुसऱ्या टोकाचं, ओढ्याकाठच्या शेवटच्या घराचं. तिथून एकेक घर अलीकडं येत येत शेवटी आमचं घर, म्हणजे मी, तळाला. ज्या प्लगच्या डोक्यावर मी झोपत होते त्यावर माझा हक्क सगळ्यांत शेवटी. मी कारण विचारलं. तात्यांनी काठीनं मातीत रेघ ओढली.

"ह्यो पाट. हितं दार. दाराजवळचं रान म्हंजे हेड, पार शेवटाला ते टेल. पाणी आदी टेलला. हेडवाल्याच्या बांधाला कायतरी पाझरतंयच. टेलवाल्याला आदी न्हाई दिलं, तर त्याला कवाच मिळत न्हाई."

"पण तात्या, वीज वायरीतून येते. ती पाझरत नाही."

त्यांनी माझ्याकडं शांतपणे बघितलं. "म्याडम, वाईकडं पाट हायती का न्हाई?"

"आहेत."

"मंग?" ते म्हणाले, आणि विषय संपला.

दुसरा नियम हजेरीचा. ऊस भिजवताना दारं धरायला, म्हणजे पाणी एकेका सरीत वळवायला, माणूस बांधावर उभा लागतो. तसं गाडी चार्ज होताना गाडीवाला गाडीजवळ हजर पाहिजे. गाडी काही बांध फोडून पळून जात नाही, हे त्यांना पाचही जणांनी वेगवेगळ्या शब्दांत सांगून झालं होतं. एकदा मी चहा टाकायला वर गेले. चहाला उकळी यायच्या आत खाली शिट्टी वाजली. येऊन बघते तर प्लग काढलेला, स्कूटर बासष्ट टक्क्यांवर, आणि तात्या वहीत लिहीत होते, "वरची खोली. बारी सोडली. कारण चहा." दुसऱ्या दिवशी मी परतताना स्कूटर ढकलत आले. तात्या फाटकात उभे होते.

"किती ढकलली?"

"दोन किलोमीटर."

तेही त्यांनी लिहून घेतलं.

कोपऱ्यावरच्या शिंप्यानं सुचवलं होतं की मोबाईलवर नंबर लावायची सोय करू, आजकाल सगळीकडं असते. तात्या म्हणाले, "मोबाईलवर नंबर लावणारा माणूस बांधावर उभा ऱ्हात न्हाई." आभाळ भरून आलं की फळ्यावर सगळ्यांच्या बारीतली अर्धी घटका कमी व्हायची आणि वर, कालव्याला पाणी तोकडं सुटल्यावर लिहितात तसं, लिहिलेलं असायचं, "आवर्तन कमी." मी म्हटलं, ऊन नसलं तरी खांबावरची लाइन आहेच की. त्यावर ते म्हणाले, "हाय की. पर ती आपली न्हाई. आपल्या पत्र्यावर जेवढं पडलं तेवढंच वाटायचं." पॅनेलला ते पत्रे म्हणत. माझ्या वाट्याला चार वाजल्यानंतरचं उतरतं ऊन यायचं. पावसाळ्यात तर मी अर्ध्या बॅटरीवर संसार केला.

काकी, म्हणजे त्यांच्या पत्नी, या सगळ्याकडं गहू निवडता निवडता बघायच्या. एकदा मी फारच वैतागले होते तेव्हा त्यांनी मला जवळ बसवून घेतलं. "तुमचं काय घिऊन बसलाय," त्या म्हणाल्या. "आमचं सोताचं रान हेडला हुतं. ह्यांच्याच पाटावर. एका साली पाणी तोकडं आलं. ह्यांनी टेलकडनं सुरू केलं, आन् आमच्या बांधापतूर येस्तवर पाणी संपलं. ऊस वाळला. सासरं सा म्हयनं ह्यांच्याशी बोललं न्हाईत. मी मधी निरोप पोचवत हुते. एकाच घोंगड्यावर बसायची दोघं, आन् ताक पायजे का ते मला इचाराय लावायची."

"मग सासऱ्यांचा राग गेला कसा?"

"गेला कुठं? वरसाचा सण आला, बोलाय लागली. राग हुता तितंच हुता."

काकींनी हे कौतुकानं सांगितलं की तक्रार म्हणून, हे मला तेव्हा कळलं नाही. आता मी साताऱ्यात असते, माझंही लग्न झालं आहे, आणि मला वाटतं की दोन्ही.

ओढ्याकाठच्या शेवटच्या घरात मंगलवहिनी राहायच्या. त्यांचा नवरा पुण्यात एका कंपनीत होता, महिन्यातून एकदा यायचा. वहिनींची बॅटरीवरची रिक्षा होती. सकाळची शाळा असलेली आठ पोरं त्या शाळेत पोचवायच्या आणि दुपारी घरी आणायच्या. त्यांच्या घरमालकानं प्लग द्यायला साफ नकार दिला होता. गावात रस्त्यावर एक चार्जिंगची जागा होती, पण ती मोटारींची, तिथली पिन रिक्षाला बसत नव्हती. म्हणजे तात्यांचा प्लग होता म्हणून वहिनींची रिक्षा होती. पोरांना सोडून आल्या की आठ वाजता त्यांची पहिली बारी सुरू व्हायची ती साडेअकरापर्यंत. त्या रिक्षेशेजारी बसून भाजी निवडायच्या, पोरांच्या दप्तरांचे फाटलेले पट्टे शिवायच्या आणि तात्यांशी भांडायच्या. तात्यांशी भांडायची मुभा गल्लीत फक्त त्यांना होती.

मग या प्लगची तक्रार झाली, ती अशी. गल्लीच्या तोंडाशी एक बंगला होता. बंगलेवाल्यांनी मोठी पांढरी इलेक्ट्रिक मोटार घेतली. त्यांच्या घरचा प्लग होता, पण त्यांना तात्यांच्या पेटीचं कुतूहल की फुकटाचा मोह, ते देव जाणे. एका सकाळी मोटार आणून वहिनींच्या रिक्षेपुढं लावली. तात्यांनी त्यांना सांगितलं की तुमचं घर हेडला आहे, तुमची बारी म्याडमच्या नंतर, म्हणजे संध्याकाळी सहाला, आणि तवा ऊन नसतं. बंगलेवाले हसले. तात्या हसले नाहीत. त्यांनी शिट्टी वाजवली आणि मोटार मागं घेईपर्यंत वाजवत राहिले. दोन आठवड्यांनी कळलं की वीज कार्यालयात अर्ज गेलाय, घरगुती मीटरवर बाहेरच्या गाड्या चार्ज होतात म्हणून. अर्जावर नाव नव्हतं. गल्लीला नावाची गरजही नव्हती.

ज्या तरुण इंजिनिअरला पाहणीला यायचं होतं त्याच्या वडिलांच्या रानाची माती मी तपासली होती. मी त्याला जाऊन भेटले. माणूस सरळ होता. म्हणाला, "मॅडम, नियम साधा आहे. घरगुती मीटरवर घरच्या गाड्या. बाहेरच्या असतील तर वेगळं मीटर घ्यायचं, आणि ते येईपर्यंत प्लग बंद. पण काकांनी नुसतं 'हे माझे पै-पाहुणे' म्हटलं, तरी मी तसं लिहून मोकळा होतो." मी उड्या मारतच घरी आले. तात्यांना सगळं सांगितलं. ते ऐकून घेऊन म्हणाले, "बरं." मी त्या 'बरं'चा अर्थ होकार असा घेतला. वर्षभर त्या घरात राहून मी एवढंच शिकले होते.

पाहणीच्या दिवशी गल्लीनं कंबर कसली. शिंप्यानं फळा काढून काकींच्या पलंगाखाली सरकवला. मंगलवहिनींनी पोहे केले. इंजिनिअर आला, पोहे खाल्ले, चहा घेतला, कागद काढला आणि अगदी हळू आवाजात, शिकवल्यासारखं विचारलं, "काका, ह्या गाड्या घरच्याच ना? पै-पाहुण्यांच्या?"

तात्या उठले. आत गेले. पलंगाखालून फळा काढला, शर्टाच्या बाहीनं पुसला आणि खिळ्याला टांगला. मग काठी टेकून एकेक नाव वाचून दाखवलं, घर कुठलं, बारी किती तासांची. "सायेब, ह्यात घरचं कुणी न्हाई. वरच्या म्याडम भाडेकरू. बाकी गल्लीतली."

इंजिनिअरनं माझ्याकडं बघितलं. मी पोह्यांच्या बशीकडं बघितलं. त्यानं बरंच लिहिलं आणि प्लगला सील लावायला उठला. सील होतं, पण ते बांधायला तार नव्हती. तात्यांनी घरातून तार आणून दिली. पक्कडही दिली.

तो गेला. मग मंगलवहिनी बोलल्या. "तात्या, खरं तुमी बोलायचं आन् उपाशी आमी ऱ्हायचं. ह्यो कुठला न्याय? दोन दिस गाडी न्हाई आली तर पोरांचं आईबाप दुसरी व्हॅन लावत्यात. आठ पोरं गेली की माझी रिक्षा गेली. तुमचं काय जातंय? तुमच्याकडं तर गाडीबी न्हाई."

हे खरं होतं. तात्यांकडं कुठलीच गाडी नव्हती; ते सगळीकडं चालत जायचे. वहिनी पोह्यांचं पातेलं उचलून निघून गेल्या.

मला तात्यांचा इतका संताप आला की मी जिना चढता चढता परत उतरले. "एक शब्द बोलायचा होता, तात्या. पाहुणे. कुणाचं काय बिघडणार होतं?"

ते वेगळ्या मीटरचा अर्ज लिहीत बसले होते. सील लागून तास व्हायच्या आत त्यांनी कागद काढला होता. मान वर न करता म्हणाले, "म्याडम, आज ह्यांना पाव्हणं म्हनलं. उद्या बंगलेवाला म्हनंल मीबी पाव्हणाच हाय. मी मेलो, आन् माझ्या पोराला पाव्हणं नगं झालं, तर मंगलनं कुणाला काय म्हनायचं? पाव्हण्याला च्या मिळतो. बारी मिळत न्हाई."

हे मला पटलं, आणि पटलं म्हणून आणखी राग आला. मी ते जाऊन वहिनींना सांगितलं. त्या भाकरी थापत होत्या. "मलाबी पटतंय," त्या म्हणाल्या. "पर व्हॅनवाल्याला पटवून सांगाय कोण जाणार?"

दुसऱ्या दिवशी सकाळी पावणेसातला तात्या वहिनींच्या दारात उभे होते. हातात दोर, दोराला आठ गाठी. "पोरं कुठनं कुठनं घ्यायची ते सांग," ते म्हणाले. वहिनींना आधी कळलंच नाही. कळल्यावर त्यांनी दार लावून घेतलं. मग फटीतून एक कागद बाहेर आला, पोरांच्या घरांचे पत्ते लिहिलेला.

शाळा पावणेदोन किलोमीटर. तात्यांनी घरोघर जाऊन आठही पोरं गोळा केली, एकेकाला दोराची एकेक गाठ धरायला दिली. सगळ्यांत बारकी, पहिलीतली पोरगी पुढं. तिच्या चालीनं बाकीच्यांनी चालायचं. आईबापांनी कुरकुर केली, पण तात्यांच्या घड्याळाबद्दल इस्लामपुरात कुणाला शंका नव्हती, आणि पोरं शाळेच्या घंटेआधी चार मिनिटं फाटकात उभी राहिली. व्हॅनवाला दोनदा चकरा मारून गेला. एकही पोर त्याला मिळालं नाही. महिन्याचे पैसे आईबापांनी नेहमीसारखे वहिनींकडं दिले. तात्यांनी चुकलेली बारी भरून द्यायला घेतली होती.

पोरांना सोडलं की ते वीज कार्यालयात जाऊन बाकावर बसायचे. कुणाला काही विचारायचे नाहीत, नुसते हजर राहायचे. दुपारी शाळा सुटायच्या वेळी उठायचे, पोरं घरोघर पोचवायचे. थंडी पडली होती. संध्याकाळी खाली घमेल्यात गरम पाणी ओतल्याचा आवाज यायचा आणि काकींचा आवाज, "जरा जास्तच मीठ टाकलंय. सोसंल का?" तात्यांचं वय सत्तरच्या पुढं. मी तेव्हा माझी स्कूटर प्रयोगशाळेत चार्ज करत होते, माझं काही अडलं नव्हतं. वरच्या खोलीत बसून तो आवाज ऐकताना मला लाज वाटायची. एकदा मी खाली जाऊन म्हटलं, सकाळची फेरी मी करते. ते म्हणाले, "म्याडम, तुमची बारी चुकल्याली न्हाई."

मंगलवहिनी रोज सकाळी दारात उभ्या राहून बघायच्या. तात्या समोरून जायचे. दोघंही बोलायचे नाहीत.

मीटर तेविसाव्या दिवशी आलं. सील निघालं, फळा पुन्हा टांगला. पहिली बारी अर्थातच ओढ्याकाठच्या घराची. वहिनींनी रिक्षा आणून लावली आणि पेटीच्या एका बाजूला बसल्या. तात्या दुसऱ्या बाजूला बसले. साडेतीन तास. मी वरून दोनदा डोकावले. भाजी निवडून झाली तरी कुणी तोंड उघडलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मला लवकर शिवारात जायचं होतं. स्कूटर बाहेर काढते तर तात्या ओढ्याकडं निघालेले, नेहमीच्या वेळेला, नेहमीच्या चालीनं. मी स्कूटर घेऊन मागोमाग गेले. वहिनींची रिक्षा दारात उभी होती. आज त्यांनी पोरं लवकर गोळा करून आणली होती. आठही आत बसलेली, दाटीवाटीनं, ओरडत.

"आवं तात्या," वहिनी म्हणाल्या, "गाडी भरलीया की आता. तुमी कशाला आलाय?"

"इस दिस त्यांच्यासंगट चाललोय. एकदम सोडल्यावानी नगं वाटाय. आजचा दिस येतो."

वहिनी त्यांच्या पायांकडं बघत राहिल्या. टाचांना काकींनी जुन्या धोतराच्या पट्ट्या बांधल्या होत्या. "बसा म्होरं," त्या म्हणाल्या. "माझ्या शेजारी."

"मला गाडीत बसाय न्हाई जमत. तू चल माघनं."

मग ते पुढं चालायला लागले आणि त्यांच्या मागून रिक्षा निघाली. गल्लीतून मुख्य रस्त्याला आल्यावर कारखान्याकडं निघालेला उसाचा ट्रॅक्टर मागं आला, दोन ट्रॉल्या लावलेला. त्याच्यामागं एसटी, तिच्यामागं दुधाचा टेम्पो, आणि सगळ्यांच्या मागं मी. रस्ता अरुंद, पुढं जायला जागा नाही. शंभर टक्के चार्ज असलेली रिक्षा एका म्हाताऱ्याच्या चालीनं चालली होती. ट्रॅक्टरवाल्यानं हॉर्न दिला. एसटीनं दिला. टेम्पोवाला तर हात हॉर्नवरून काढेचना. मला उशीर होत होता. खोटं कशाला सांगू, दोनदा मीही दिला. तात्यांनी मागं वळून बघितलं नाही. मंगलवहिनींनी शाळेच्या फाटकापर्यंत एकदाही हॉर्न वाजवला नाही.